डोळ्यांची आखणी

“मॅडम, मागाहून गुंगीचं काय देऊ नका,” सुनंदा स्ट्रेचरवरून म्हणाली. मी भूलतज्ज्ञ. झोपवणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला हसू आलं.

“अगं, दुखेल ना. कवटी उघडणार आहेत.”

“दुखू दे. मला जाग आल्याबरोबर हात बघायचा हाय.”

सुनंदा हमरापूरची, गणपतींची आखणी करणारी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. कारखान्यात बाकीचा रंग कोणीही मारतो, डोळे मात्र एखाद्याच्याच हाती देतात. पेणला आमच्या घरच्या मूर्तीचे डोळेही तिचेच असायचे. गाठ होती मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात चालवणाऱ्या भागाला लागून. हात अधू होऊ शकतो, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. पण गाठ ठेवून चालणार नव्हतं.

तिचं म्हणणं तसं बरोबरच होतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतो तो मुख्यतः वरचा छेद. त्यावर जालीम औषध दिलं की पेशंट गुंगतो, आणि ही गुंगी औषधाची की आत रक्तस्राव होतोय म्हणून, हे कळेनासं होतं. त्यासाठी स्कॅल्प ब्लॉक असतो. कपाळ, कानाची मागची-पुढची बाजू, मानेचा वरचा भाग, इथे नसांजवळ बधिर करणारं औषध सोडायचं. डोकं बधिर, माणूस जागा.

टाके झाले. सर्जनना पुढच्या केसची घाई. “सलाइनमधून द्या दुखण्यावर काहीतरी आणि उठवा.”

“ब्लॉक देते सर, थोडं थांबा,” मी म्हटलं. ते कुरकुरले, पण थांबले.

संध्याकाळी आयसीयूत गेले. बाई टक्क जागी. “दुखतंय?”

“नाय.”

“नाय कसं गो?” तिचा नवरा एकनाथ म्हणाला. “एवढं डोकं फोडलंन तुझं.”

खरंच दुखत नव्हतं. मला भारी आनंद झाला. तेवढ्यात तिने एकनाथकडे हात केला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला ब्रश काढला. औषधाच्या रिकाम्या खोक्यावर ती डोळा काढायला लागली. वरची रेघ निम्म्यात थरथरली आणि खाली घसरली. तिने दुसरी काढली. तीही तशीच.

“सूज आहे अजून. थोडे दिवस जाऊ दे,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण तिने ब्रश एकनाथला परत दिला आणि डोळे मिटून पडली.

सूज उतरली. फिजिओथेरपी झाली. ऐन सीझनला ती रोह्याला माहेरी जाऊन राहिली, कारखाना बघवेना म्हणून. मी ऑपरेशनसाठी रोह्याला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. भाकरी थापता येते, वेणी घालता येते. रेघ येत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं.

“रागावू नका मॅडम,” ती म्हणाली, “पण त्या दिवशी थोडं दुखायला पायजे होतं.”

“असं का गं?”

“दुखतंय म्हणून हात हलला, अशी चार दिवस मनाची समजूत तरी घातली असती.”



ब्लॉक मी आजही देते, नीट देते. फक्त नातेवाइकांना सांगून ठेवते, पेशंटच्या कामाचं सामान इतक्यात आणू नका.