जस्ताच्या बादलीतलं पाणी

आटपाडीच्या पेठेत कुतुबुद्दीनचं पत्र्याचं दुकान होतं. जस्ती बादल्या, घंगाळी, धान्याचे डबे. मागच्या खोलीत त्याची बायको शाहजादी दीड वर्षाच्या अजमलला मांडीवर घेऊन बसे. हातोड्याच्या आवाजाला पोर आता दचकतही नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात शाहजादी विषमज्वरानं पडली आणि तिचं दूध आटलं. महिन्याभरात अजमलच्या ओठांभोवती लाल चट्टे उठले. मग बोटांवर, मग ढुंगणावर. कातडी सोलवटून ओली झाली, जुलाब थांबेनात, केस झडले.

शाहजादीनं हे आधी एकदा पाहिलं होतं. अजमल पोटात होता तेव्हा सासू म्हणाली, पोटुशीचं दूध लेकराला बाधतं. शाहजादीनं छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि थोरल्या लेकीला, रुमानाला, अंगावरून तोडलं. रुमाना असेच चट्टे घेऊन चार महिन्यांत गेली. सगळे म्हणाले, नजर लागली.

"आवं, ह्या बारीला मी बगत बसायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. दोघांनी सांगलीची एसटी धरली.

दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पोराचं तोंड, बोटं, ढुंगण पाहिलं आणि दोनच गोष्टी विचारल्या.

"अंगावरचं दूध कधी तुटलं? तुम्ही दोघं नात्यातले का?"

"मावसभाऊ हाय ह्यो माजा."

"याच्या आतड्याला जस्त ओढून घेता येत नाही. जन्माचंच आहे. आईच्या दुधातलं तेवढं त्याला घेता येत होतं, म्हणून इतके दिवस झाकून राहिलं. जस्ताच्या पुड्या देते. रोज, जन्मभर."

"जस्त?" कुतुबुद्दीन हसला. "बाई, आमच्या घरात दुसरं हाय काय!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

चौथ्या दिवशी जुलाब थांबले आणि अजमल हसला. तीन आठवड्यांत नवी कातडी आली. पुड्या संपत आल्या तशी कुतुबुद्दीननं एक छोटी बादली घडवली, कडा गोल वळवून, पोराचा हात कापू नये म्हणून.

"सांगलीला हेलपाटे कशाला? ह्यात पाणी ठिवायचं आन् त्येच पाजायचं. जस्तच न्हवं का ह्ये?"

शाहजादीला पटलं. नवऱ्याच्या हातच्या बादलीनं आजवर कुणाला दगा दिला नव्हता. तीच रोज पाणी पाजत राहिली. विसाव्या दिवशी पोराच्या ओठाच्या कोपऱ्यात तांबूस ठिपका दिसला. पोराला काखेत घेऊन ती तशीच स्टँडवर गेली, नवऱ्याशिवाय, आणि सांगली गाठली.

"पत्र्याच्या पाण्यानं भागत नाही, बाई. वजनावर मोजून द्यावं लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

शाहजादीनं पदर बोटाला गुंडाळला. "माज्या रुमानालाबी ह्येच हुतं?"

"बहुतेक."

"अंगावर पीत ऱ्हायली आसती तर?"

"औषध मिळालं असतं तर," त्यांनी हळूच दुरुस्त केलं.

संध्याकाळी घरी येऊन शाहजादीनं बादली उंबऱ्याबाहेर उपडी केली आणि नवऱ्यापुढं ठेवली. "ही इका."

मग सांगलीहून आणलेली नवी पुडी चमचाभर पाण्यात कालवली. अजमल तोंड फिरवू लागला. तिनं गाल दाबून धरले आणि शेवटचा थेंब गिळेपर्यंत सोडले नाहीत.

"जन्मभर म्हंजी किती गं?" कुतुबुद्दीननं खाली बघतच विचारलं.

"मी हाय तवर मी," ती म्हणाली. "म्होरं त्येचं त्येला शिकवीन."