बारा कॅप्सूल

छप्पन-सत्तावन्न सालची गोष्ट. शिरूरच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मिक्श्चर बनवायचं, बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवायची, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या, हे माझं काम. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि बायको मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली.

डॉक्टर घरी आले. तिची जीभ, पोट पाहून विषमज्वरच म्हणाले आणि कॅप्सूल दिल्या. "आधी थोडं, मग वाढवू. दिवसाला तीन. घाई करायची नाही." हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

मी घाई केली. ही औषधं यायच्या आधी माझी थोरली बहीण याच तापानं गेली होती. एकवीस दिवस आम्ही नुसते बघत बसलो होतो. आता औषध हातात असताना थेंबथेंब कशाला, असं मला वाटलं. चार वर्षं दवाखान्यात काढल्याची घमेंडही असेल. त्या दिवशी मी तिला बारा कॅप्सूल दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला हात लावला तर ताप नाही! मी आनंदानं चहा ठेवायला गेलो. तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. लेकीच्या आजारपणासाठी त्या दौंडकडच्या गावाहून आल्या होत्या.

"जावाईबापू, हिकडं या आधी. पोरगी गार पडलीया."

हातपाय बर्फासारखे, अंग घामानं चिंब. नाडी बोटाखाली सापडेना. हाक मारली तर ती नुसतं पुटपुटायची, हातानं चादर चाचपायची. मी तसाच अनवाणी डॉक्टरांकडे पळालो आणि त्यांना घेऊन आलो.

त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काल किती दिल्यास?"

"तुम्ही सांगितल्या तेवढ्या."

त्यांनी पुन्हा विचारलं, "किती?"

"बारा," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ते मला कामावरून काढतील. त्यांनी सलाईन लावायला घेतलं आणि हात चालू असतानाच सांगितलं, "जंतू मेले की त्यांच्या अंगातलं विष बाहेर पडतं. हळूहळू पडलं तर शरीर सोसतं. तू सगळे एकदम मारलेस. आता तिला ताप नाही, ते विष भोवतंय."

"मग आता?"

"कॉर्टिझोनच्या जातीचं एक इंजेक्शन आहे. ते विषाला काही करत नाही. विष तेवढंच राहतं, पण शरीर त्यापुढं असं कोसळत नाही. माझ्याकडं नाही. दौंडला माझ्या मित्राकडं असेल. मी पोस्टातून ट्रंक कॉल लावतो, तू नीघ."

एस.टी.ला अवकाश होता. आमच्याच आळीतले एक मुसलमान ड्रायव्हर कांद्याचा ट्रक घेऊन दौंडच्या स्टेशनावर निघाले होते. त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणायचो. मी काय झालं ते सांगितलं, तसं ते म्हणाले, "बस वर. वाटंत न्हावऱ्याला आणखी कांदं घ्यायचं व्हतं, ते ऱ्हाऊ दे आता."

वाटेत मी त्यांना बारा कॅप्सूलचंही सांगून टाकलं. का कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या हातनं झालं, तूच औषिध आणाया निघालास. रडायचं ते घरी जाऊन रड."

दौंडचे डॉक्टर दारातच उभे होते. ट्रंक कॉल पोचला होता. त्यांनी कापसात गुंडाळलेल्या छोट्या बाटल्या माझ्या हातात ठेवल्या. "पोटावर लक्ष ठेवा म्हणावं. या औषधानं पोटातलं दुखणं झाकलं जातं. आतडं फुटलं तरी रोगी बरा दिसतो." कांदे गाडीतच ठेवून मामांनी ट्रक परत वळवला. मी बाटल्या शर्टाच्या आत छातीशी धरून बसलो होतो.

दुपारी दोनच्या सुमाराला डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन शिरेतून दिलं. मला दिलं नाही त्यांनी ते काम, आणि मीही मागितलं नाही. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसलो. तासाभरानं नाडी लागायला लागली. आधी मला खरं वाटेना, माझीच नाडी मोजतोय असं वाटलं. उन्हं कलली तसे तिचे तळवे कोमट झाले. तिनं डोळे उघडले आणि आईला विचारलं, "शेळीला पाणी पाजलं का?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी परसात गेलो आणि शेळीपुढं पाण्याची बादली ठेवली.

पुढं कॅप्सूल दिवसाला तीनच, आणि त्या डॉक्टर स्वतः येऊन देत. इंजेक्शन दोन-तीन दिवसांत बंद केलं. मी दर दोन तासांनी तिचं पोट दाबून बघायचो, ती वैतागायची. दहा-बारा दिवसांनी ताप पुरता गेला. मी दवाखान्यात परतलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बारा दिल्यास हे चूक. बारा म्हणालास म्हणून ती वाचली. आता सुया उकळ."

तिला मी महिन्याभरानं सांगितलं. तापानं तिचे केस गळले होते, डोक्याला फडकं बांधून ती तांदूळ निवडत होती. ऐकून तिचा हात थांबला.

"बारा?"

"बारा."

"आन् म्या मुकाट गिळल्या?"

"व्हय."

ती सूप माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "उरल्यालं तुम्ही निवडा. खडं नीट मोजून काढा."