पूजेचा पीस

आमच्या साहेबांचा साडेतीन मुहूर्तांवर फार विश्वास. गुढीपाडव्याला एक नवं मशीन, अक्षय्य तृतीयेला एक, दसऱ्याला तर हवंच हवं. दिवाळीचा पाडवा अर्धा मुहूर्त, म्हणून त्या दिवशी नुसत्या कीबोर्डवर किंवा प्रिंटरवर भागवायचे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. कॉम्प्युटर बनवायची. ऐंशीच्या दशकात बाहेरचे कॉम्प्युटर सहज मिळत नव्हते, तेव्हा अशा बऱ्याच कंपन्या निघाल्या, त्यातली ही एक. पतपेढ्या, नगरपालिका, एखादा साखर कारखाना अशी गिऱ्हाइकं. साहेबांनी मशिनांना नक्षत्रांची नावं दिली होती. अश्विनीपासून सुरुवात केली आणि नव्वद उलटल्यावर कधीतरी रेवतीला पोचले. नक्षत्रं संपली तरी मुहूर्त काही संपेनात, मग रोहिणी प्लस, स्वाती सुपर असं सुरू झालं.

मी तिथे मॅन्युअल लिहायचे. लिहायचे म्हणजे काय, मागच्या नक्षत्राचं मॅन्युअल काढायचं, नाव बदलायचं आणि मुखपृष्ठाचा रंग बदलायचा. आतलं सगळं तेच आहे का, असं सुरुवातीला एकदोनदा विचारून पाहिलं. थोडं सुधारलंय, असं उत्तर आलं. पुढे विचारणं सोडून दिलं. डोंबिवलीहून रोजची ये-जा, घरी लहान मुलगी, सासूबाईंचं पथ्यपाणी. कुठल्या डब्यात काय आहे याची चौकशी करायला संध्याकाळी अंगात त्राण उरायचं नाही.

प्रत्येक मॉडेलचा पहिला पीस विकायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. मुहूर्ताच्या दिवशी पाहुण्यांसमोर दोघांनी ते मशीन उचलून आणायचं, टेबलावर ठेवायचं, गुरुजी पूजा सांगायचे. साहेब स्वतः मशीनच्या चारही स्क्रूंना हळदकुंकू लावायचे, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. मग तो पूजेचा पीस मागच्या खोलीतल्या रॅकवर जायचा आणि तो पुन्हा कधी उघडायचा नाही. कुंकू लावलेले स्क्रू फिरवणं अशुभ, असं साहेब मानायचे आणि त्यामुळे आम्हीही.

नव्वदनंतर दिवस फिरले. परदेशी नावाची मशिनं मिळायला लागली आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कोणीही घरबसल्या कॉम्प्युटर जोडायला लागला. आमचं उत्पादन आधी मंदावलं, मग थांबलं. उरलं ते फक्त विकलेल्या मशिनांच्या दुरुस्तीचं काम. ते घ्यायला अंधेरीची एक कंपनी तयार झाली. साहेबांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता की कामाबरोबर आम्हा उरलेल्या पाच जणांनाही घ्यायचं. त्यांची अट एकच होती. कंपनीनं आजवर किती प्रकारची मशिनं काढली आणि प्रत्येकात काय काय भाग आहेत, याचा पुरा कॅटलॉग हवा. प्रकार दहाच्या वर गेले तर इतक्या तऱ्हांचे सुटे भाग आम्ही ठेवू शकत नाही, मग काम नको आणि माणसंही नकोत, असं त्यांच्या अधिकाऱ्यानं तोंडावर सांगितलं.

कॅटलॉगचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या नवऱ्याची कंपनी वर्षभरापूर्वी बंद पडली होती आणि घरात मिळवणारी मी एकटीच होते. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मदतीला भाऊ होते. भाऊ कोपरीच्या कोळीवाड्यातले, आमच्या दुरुस्ती खात्यातले सर्वांत जुने. वयानं माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे. घरात पिढ्यान् पिढ्या होड्या. यांनीच एकट्यांनी खाडी सोडून सोल्डरिंगची कांडी धरली. त्यांच्या दोन मुली कॉलेजात होत्या. पाच जणांत तेही होते.

एप्रिल-मे महिना. मागच्या खोलीला पत्र्याचं छप्पर. पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवायचा. आधी आम्ही दुरुस्तीला आलेली मशिनं उघडली. अश्विनी उघडली, भरणी उघडली, कृत्तिका उघडली. तिन्ही आतून सारखीच. पुढच्या पाटीचा रंग तेवढा वेगळा. पुढे मृग आणि आर्द्रा, तीही एकमेकांसारखी. मी कागदावर रेघा ओढत होते, खोडत होते, पुन्हा ओढत होते. दुपारनंतर नक्षत्रांची नावं नुसती ऐकली तरी डोकं दुखायचं. पंचांगावर इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

काही मॉडेलं मात्र बाहेर कुठेच सापडेनात. एकाही गिऱ्हाइकाकडे नाहीत, दुरुस्तीला कधी आलेली नाहीत. त्यांचा फक्त पूजेचा पीस रॅकवर होता. मी भाऊंना म्हटलं, उघडू या. ते म्हणाले, उद्या बघू. उद्या म्हणाले, आज अमावास्या आहे. परवा म्हणाले, साहेबांना विचारायला हवं. मला वाटलं, श्रद्धेचा माणूस आहे, कुंकवाला हात लावायला बिचकतोय. पण किती दिवस? शेवटी वैतागून मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि निळ्या पाटीच्या रेवतीचा पीस रॅकवरून टेबलावर ओढला.

भाऊंनी माझा हात धरला. "नका उघडू, ताई. आत काय नाय त्याच्यात."

मग ते स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. मुहूर्त गाठायचा असायचा आणि मशीन तयार नसायचं. मग रिकामं कॅबिनेट पूजेला ठेवायचे. पाहुण्यांसमोर उचलून आणताना ते हलकं वाटायला नको, म्हणून आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. पूजा झाली, की मागाहून जे खरं मशीन यायचं असायचं, ते कधी यायचंच नाही. गिऱ्हाइकानं नवं मॉडेल मागितलं, की जुनंच मशीन नवी पाटी लावून जायचं. कित्येकदा तर पाटीही बदलायची नाही, कुणी बघत नसे. विटा भाऊंनीच ठेवल्या होत्या.

मी चिडले. इतके दिवस पत्र्याखाली भाजून घेतलं ते विटा मोजायला का, असं काहीबाही बोलले. साहेबांची अब्रू भाऊंनी इतकी वर्षं सांभाळली होती, ती माझ्यासमोर उघडी करताना त्यांना किती जड गेलं असेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी जाऊन मी हिशोब मांडला, तेव्हा राग उतरला. बारकाईनं पाहिलं तर आमच्या कंपनीनं खरी मशिनं बनवली होती पाच. बाकी सगळ्या पाट्या, रंग आणि विटा. पाच म्हणजे दहाच्या खूप आत. पाचच आहेत असं कॅटलॉगमध्ये लिहिलं, तर आमच्या नोकऱ्या वाचत होत्या. फक्त त्यावर साहेबांची सही लागणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. साहेब अलीकडे थकले होते, शर्ट अंगावर ढगळ दिसायचा. कागद वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल झाला. मी दर मुहूर्ताला मशीन काढलंय, सत्तावीस नक्षत्रं काढलीत आणि वर आणखी, असं ते म्हणत राहिले. मी म्हटलं, "साहेब, आपण पाचच मशिनं बनवली."

ते उठले आणि थेट मागच्या खोलीत गेले. रेवती टेबलावरच होती. भाऊंकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि वाळून काळपट झालेल्या कुंकवाचे चारही स्क्रू त्यांनी स्वतः काढले. झाकण उचललं. आत पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात वीट होती.

"मी म्हणालो होतो, कुंकू पुन्हा लावू, पण आठ दिवसांत आत खरं मशीन ठेवा," साहेब म्हणाले.

"हो साहेब," भाऊ म्हणाले. "पण आठ दिवसांनी पुढच्या मुहूर्ताची तयारी सुरू व्हायची."

साहेबांनी वीट बाहेर काढली. मला त्यांची दया आली. इतके पेढे वाटले, इतके नारळ फोडले, आणि हातात राहिलं ते एवढंच. त्यांनी तिथेच टेबलावर कागद ठेवून सही केली. पाचांची नावं तरी नक्षत्रांचीच ठेवा, एवढंच म्हणाले.

अंधेरीचा अधिकारी कॅटलॉगवर खूश झाला. त्यानं माझ्यासमोरच पानं चाळली आणि म्हणाला, इतकं सोपं करून दिलंत की आमच्या माणसांना वेगळं काही शिकवायलाच नको. मी हसले. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला संध्याकाळी स्टेशनवर उभी असताना कळला. पाच मशिनं, त्यांची पाच मॅन्युअलं, तीही लिहून झालेली. मॅन्युअल लिहिणारी बाई आता कशाला लागते? तसंच झालं. साहेबांनी शब्दाची आठवण करून दिली, भांडलेसुद्धा, पण काम घेतलं गेलं आणि चार माणसं घेतली गेली. पाचवी मी.

मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त म्हणजे थकवा आला, काही दिवस नुसतं झोपून राहावं असा. पण घरात तेही जमण्यासारखं नव्हतं. पावसाळाभर अर्ज केले. ठाण्यातल्या दोन ठिकाणी वय विचारलं, एका ठिकाणी मुलगी किती वर्षांची आहे ते विचारलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी दार वाजलं. भाऊ होते. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यांनी चादरीत गुंडाळलेलं एक मोठं खोकं दोन जिने चढवून आणलं होतं, श्वास लागला होता. नवऱ्यानं पुढे होऊन हात लावला. चादर बाजूला केली तर आत रेवती. तीच, निळ्या पाटीची, पडदा एकाच डब्यात असलेली. साहेबांनी कंपनीची जागा सोडताना पूजेचे पीस भंगारात देऊ नका, ज्याला हवे त्यानं न्यावेत, असं सांगितलं होतं. हा भाऊंनी नेला होता.

मला वाटलं आठवण म्हणून आणलाय. आमच्या दोन खोल्यांत ताट ठेवायला जागा नाही, हे धूड कुठे ठेवू, असं मनात आलं आणि चेहऱ्यावरही आलं असणार. भाऊंनी वायर लावली आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

उरलेल्या सुट्या भागांतून, साहेबांना सांगून, त्यांनी ते चार महिने कोपरीला घरी बसून जोडलं होतं. डोंबिवलीत टायपिंगची कामं पुष्कळ मिळतात असं त्यांनी कुठेतरी चौकशी करून ठेवलं होतं. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, सोसायट्यांची पत्रं. आपट्याचं पान हातात देत ते म्हणाले, "साहेब म्हणालेले आठ दिवसांत खरं मशीन ठेवा. जरा उशीर झाला, ताई."

मला रडू आलं. आणि मघाशी तोंड वाकडं केल्याबद्दल स्वतःचा रागही आला. नवरा चहा टाकायला गेला.

सासूबाईंनी आतून हळदकुंकवाची कोयरी आणून दिली. सणाचा दिवस, घरात नवी वस्तू आलेली. मी पडद्याच्या कडेला बोट टेकवलं. स्क्रूंना मात्र लावलं नाही. हे मशीन चालणार होतं, म्हणजे कधी ना कधी उघडावं लागणारच होतं.