शेवाळाचा शटडाऊन

जगात काहीही बिघडलं तरी आधी ते बंद करावं, मग पूर्ण खोलावं आणि मग त्याच्यावर ओरडावं, अशी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी एकच पाहिला. तो भिलाईत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचा. पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि हे आमचे शेजारी, ज्यांना मी भाऊजी म्हणायची, भट्टीवर फोरमन होते. ती भट्टी त्यांच्या घरातही शिरली होती. साधा स्टोव्ह पेटवतानाही ते घरच्यांना दोन पावलं मागे उभं करत. एकदा आमच्या दाराची कडी अडकली म्हणून मी तेलाचे दोन थेंब मागायला गेले, तर "वहिनी, बाजूले व्हा, काम चालू हाय!" असं बजावून त्यांनी अख्खं दार काढून अंगणात निजवलं. दुपारभर आमच्या घरात गाई पाहुण्यांसारख्या ये-जा करत होत्या.

अशा माणसावर मी माझी मुलगी सोपवली.

सात वर्षांच्या सुमीचे सांधे तापानं सुजले होते आणि त्या तापानं तिच्या हृदयालाही धक्का लावला होता. काही महिने तिनं खाटेवरून उठायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जी पोर जेवतानाही एका जागी बसत नसे, तिला निजवून ठेवायचं कसं? भाऊजींनी हे ऐकलं आणि लोखंडी अँगल जोडून, खिडकीच्या काचा पुटीनं बसवून एक पेटी खाटेशी आणून ठेवली. आत चार लाल मासे. हावड्याच्या गाडीनं, दुधाच्या कॅनमधून आलेले! सुमी पडल्या पडल्या पाहत राहिली. कितीतरी दिवसांनी मी निवांत श्वास घेतला.

आणि मग शेवाळ आलं. आधी काच हिरवी झाली, मग पाणी, मग मासेच दिसेनात. मासे शोधायला सुमी उठून बसू लागली, पाय खाली सोडू लागली. मी दर वेळी तिला धरून परत निजवायची. भाऊजी ड्यूटीवरून आले की सगळं पाणी उपसत, खडे घासत, काच राखेनं लखलखीत करत. शेवाळ दुप्पट जोमानं परत येई. "हे तं आमच्या साहेबापेक्षा चिवट हाय!" शेवटी त्यांनी पेटीसमोर मांडी ठोकली आणि माझीच चौकशी सुरू केली.

"वहिनी, या माशायले खायले कोण देते?"

"मीच. सकाळी पोहे, दुपारी पोळीचा चुरा..."

"अन् संध्याकाळी?"

"सुमी देते, तिच्या ताटातलं."

"मासे हायेत का जावई? वरून खिडकीतलं ऊन! सारं शेवाळालेच पोसून राहिलं न. घ्या शटडाऊन!"

खाणं बंद, ऊन बंद. शेवाळ खायला तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या आणि वर घोंगडी टाकली. आठवडाभर उघडायची नाही.

सुमीनं भोकाड पसरलं, "मग मी काय पाहू?"

याची तरतूद भट्टीच्या शटडाऊनमध्ये नसावी. भाऊजी घोंगडीला कान लावून म्हणाले, "कावून रडतेस वं? चूप! आतमधी भांडण लागलं हाय."

त्या दिवसापासून काजळलेल्या तोंडानं ते स्टुलावर बसत आणि आतली बातमी सांगत. "मोठा म्हणते, मी नाही राहत अंधारात, मले नागपूरले पाठवा. गोगलगाय म्हणते, थांब, मी धावत जाऊन तिकीट आणतो." गाल फुगवत, कोपरांचे पंख हलवत. सुमी हसून हसून उशीत तोंड खुपसायची, पण उठायची नाही. आपण उठलो की मासे गप्प होतात, असा कायदा भाऊजींनीच केला होता.

आठवड्यानं घोंगडी निघाली. पाणी नितळ, चारही मासे ठणठणीत. भाऊजी विजयी मुद्रेनं उभे. सुमीनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे तर काहीच बोलत नाहीत. झाका न परत."

पावसाळा सरेपर्यंत रोज संध्याकाळी ती पेटी झाकली गेली. डॉक्टरांनी सुमीला चालायची परवानगी दिली, तेव्हा मी आभार मानायला गेले आणि दारातच रडले. भाऊजी कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "म्या का केलं, वहिनी? शेवाळ काढलं."

पुढे त्यांची बदली झाली. सुमी आता कॉलेजात जाते, जिने धाडधाड चढते, आणि खालचे शेजारी त्या आवाजाची तक्रार घेऊन येतात. मी त्यांना चहा देते, सुमीला काही म्हणत नाही. भाऊजी जिथं असतील तिथवर तो आवाज पोचावा, एवढंच वाटत राहतं.