आत्याचा हुक

माझी आत्या रेल्वेचे डबे साफ करते. सीटच्या फटीतली घाण उपसायला तिनं तार वाकवून हुक केलाय. कापलेली नखं, उलटीचे रुमाल, बाळाचं भरलेलं डायपर! ऐकूनच शिसारी येते. हुक कायम तिच्या पिशवीत असतो.

तिच्या जावयाला मात्र जगभरच्या रेल्वेचं भारी कौतुक. परवा आम्ही गाडीत होतो, तर मोबाइलवरून वाचून दाखवत होता, "जपानात गाडी वीस सेकंद लवकर सुटली, तर कंपनीनं माफी मागितली! नाहीतर आपले लोक, शी!" आणि चोखलेल्या संत्र्याचा चोथा फटीत कोंबत होता.

आत्यानं हुक काढला, चोथा ओढला आणि सरळ त्याच्या शर्टाच्या खिशात घातला.

"आपली गाडी वेळेवर आहे हो, जावईबापू. माफी तुम्ही मागा."