ट्रेमधलं आणि कपाटातलं

सिस्टर मंगळवारी सकाळी गेल्या. भोईवाड्यातल्या त्यांच्या खोलीत, पहिला चहा घेऊन झाल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवडीच्या कबरस्तानात दफन झालं.

आमच्या चाळीत त्यांना नाव नव्हतं. दारावरच्या पाटीवर आडनाव आणि त्याआधी एक आद्याक्षर, एवढंच. परळच्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावरही चाळीला त्या सिस्टरच राहिल्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. बोलताना समोरच्याचा हात हातात घेत आणि आपुलकीनं घेतलाय असं वाटेपर्यंत नाडी मोजून होई. "आठवडाभर झोप नाही तुला," असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. तेव्हा मी वर्तमानपत्रात नवी लागले होते आणि त्यांचं निदान बरोबर होतं.

त्या मूळच्या नगरकडच्या, प्रोटेस्टंट. वडील खेड्यातल्या मिशनच्या शाळेत शिक्षक. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जात आणि परत येताना मटण आणत. चाळीच्या गणपतीला आरतीच्या वेळी दाराशी उभ्या राहत, आरती म्हणत नसत. विसर्जनाला मात्र मलमपट्टीची पेटी घेऊन मिरवणुकीच्या मागे चालत. कुणीतरी एकदा विचारलं, "सिस्टर, तुम्हाला चालतं का हे?" त्या म्हणाल्या, "माझा विश्वास कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून तुमच्यात उभं राहायला भीती वाटत नाही."

वॉर्डात नव्या नर्स आल्या की सिस्टर आधी इमर्जन्सी ट्रे लावायला शिकवत. नव्या मुली ट्रे भरून टाकत. सिस्टर त्यातल्या निम्म्या वस्तू बाहेर काढत. "ज्याच्यावाचून पेशंट जाईल तेवढंच ट्रेमध्ये. बाकीचं कपाटात. कपाटातलं टाकाऊ नसतं. पण धावायची वेळ आली की कपाट उचलून धावता येत नाही."

धर्माबद्दलही त्या याच भाषेत बोलत. माझी आई मालवणची. तिला ख्रिस्ती लोकांतले कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि केरळातले सिरियन हे भेद कधी उमगले नाहीत. तिनं विचारलं तेव्हा सिस्टर भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "देव एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पुत्र माणूस झाला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. तो पुन्हा येणार. पापांची क्षमा होते. मेलेले उठतील. हा ट्रे. हा सगळ्यांचा सारखा आहे."

"आणि मेरीमाता? पोप?"

"ते कपाट. प्रत्येकाचं वेगळं. माझंही आहे."

"म्हणजे देव एक आणि कपाटां वेगळी," आई म्हणाली. "आमच्यात उलटां. कपाट एक, देव मावणत नाय." सिस्टर इतक्या हसल्या की मेथी पुन्हा निवडायला घ्यावी लागली.

या ट्रेची परीक्षा वीस-एक वर्षांपूर्वी झाली. पुढची हकीकत मी सिस्टर आणि फिलोमिना या दोघींकडून वेगवेगळी ऐकली आहे. दोन्हींत फरक नाही.

फिलोमिना वरळी कोळीवाड्यातली, कॅथलिक. नवरा होडीवर. दिवस भरायच्या पुष्कळ आधी तिला मुलगी झाली. नवरा समुद्रात होता, सासू घरून निघालेली होती. दुपारी भेटायच्या वेळेला बाळाचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर बाळापाशीच होते, पण त्यांनी मान हलवली. फिलोमिनानं सिस्टरचा पदर धरला. "सिस्टर, तिला पानी द्या. बाप्तिस्मा नाय झाला तिचा. फादर येईपर्यंत राहाची नाय ती."

सिस्टरनी आधी तिच्या चर्चला फोन लावला. फादर एका अंत्यविधीला गेले होते. फोन ठेवून त्या परत आल्या. "मी कॅथलिक नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"ठाव हाय. करा."

"नाव काय ठेवायचं?"

नाव ठरलंच नव्हतं. फिलोमिना म्हणाली, "तुमचं नाव काय?"

"माझं कशाला?"

शेजारी अलियम्मा सिस्टर बाळाला धरून उभ्या होत्या. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स. त्या ओरडल्या, "अरे बोलो ना सिस्टर, जल्दी करो!"

"रूथ," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी रूथच्या कपाळावर पाणी ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले.

रूथ गेली नाही. तासाभरात श्वास सुधारला. महिनाभरानं आई-मुलगी कोळीवाड्यात घरी गेल्या आणि तिथे भांडण सुरू झालं.

सासूचं म्हणणं सरळ होतं. प्रोटेस्टंट नर्सच्या हातचं पाणी धरायचं नाही. बाप्तिस्मा चर्चमध्ये, फादरच्या हातून, पहिल्यापासून व्हायला हवा. इकडे सिस्टरच्या चर्चमध्येही कुजबुज होती. नर्सनं पाळकाचं काम का केलं, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न पंच कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तोंडावर विचारला. बाप्तिस्मा तुमच्या हातून झाला, मग मूल आपल्या मंडळीत का नाही आणलं? सिस्टर म्हणाल्या, "वॉर्डातून मूल आईकडेच जातं, साहेब."

माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिला मोठा दिलासा मिळाला. "म्हणजे तुमच्यात पण सोवळां-ओवळां आसा तर!" आणि मग, "आणि तुमका नाव पण आसा! रूथ!"

फिलोमिनाला मात्र हसू येत नव्हतं. पहिलं पाणी खरं नसेल, तर त्या दुपारी मुलगी गेली असती तर बाप्तिस्म्याविनाच गेली असती, हा विचार तिला सोडत नव्हता. दुसऱ्यांदा करून घेणं म्हणजे पहिलं खोटं होतं हे मान्य करणं. ती भोईवाड्यात आली. सिस्टरच्या खोलीत बसून एकच वाक्य बोलली. "खरं सांगा, झालाय की नाय?"

"माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या फादरना विचारू."

सिस्टरचा पाय तेव्हा मुरगळला होता, म्हणून टॅक्सीनं मी त्यांना कोळीवाड्याजवळच्या त्या चर्चमध्ये घेऊन गेले. ऑफिसात फादर, फिलोमिना, सासू आणि मांडीवर रूथ. सिस्टर वॉर्डाचा रिपोर्ट द्यायला उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"पाणी कुठलं होतं?" फादरनी विचारलं.

"डिस्टिल्ड. हाताशी तेच होतं."

"डिश्टिल?" सासूनं फादरकडे पाहिलं.

"पाणीच असतं ते, माई. सिस्टर, पाणी वाहिलं, की नुसतं बोट टेकवलं?"

"वाहिलं. टॉवेल भिजला. अलियम्मा सिस्टरनी बदलला."

"शब्द?"

"नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

"तुमच्या मनात काय होतं?"

आतापर्यंतची उत्तरं लगेच आली होती. इथे सिस्टरनी आधी रूथकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिला ख्रिस्ताच्या स्वाधीन करायचं होतं. माझ्या चर्चच्या नाही."

फादरनी चष्मा काढला. "बाप्तिस्मा झालेला आहे. पुन्हा करता येत नाही."

"करता येत नाय," सासू म्हणाली, "की तुम्हाला कराचा नाय?"

"येतच नाही, माई. एकदाच होतो. राहिलंय ते आपण करू. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. पाणी नाही. पाणी झालं."

फिलोमिनानं सासूच्या मांडीवरून रूथला उचललं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आम्ही निघालो तरी ती तिथेच होती. ती रडत होती. सिस्टरनी तिचा हात हातात घेतला. नाडी मोजली की नाही, मला सांगता येणार नाही.

राहिलेल्या विधीला सिस्टर गेल्या होत्या. पांढरी साडी, पहिला बाक. पवित्र भाकरी घ्यायला सगळे उठले तेव्हा त्या बसून राहिल्या; ती फक्त कॅथलिकांना देतात. सासूनं मागे वळून "चला की" म्हटलं. म्हणजे तोपर्यंत तिचा राग उतरला होता. सिस्टरनी नाही म्हटलं. नंतर मला म्हणाल्या, "कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. मला त्याचा राग नाही. दुःख आहे, ते वेगळं."

त्यानंतर दरवर्षी, वाढदिवसाला नव्हे, त्या पाण्याच्या दिवशी फिलोमिना रूथला घेऊन भोईवाड्यात यायची. अलियम्मा सिस्टर अँटॉप हिलहून यायच्या. कोळीवाड्याचं बोंबलाचं कालवण, सिस्टरचं मटण, अलियम्मांचे अप्पम आणि आईचे घावणे. जेवणाआधी प्रभूची प्रार्थना व्हायची.

पहिल्या वर्षी एक घोटाळा झाला. ही प्रार्थना सगळ्या ख्रिस्ती लोकांची एकच आहे. पण घरी म्हणताना कॅथलिक लोक वाईटापासून सोडवण्याच्या मागणीपाशी आमेन म्हणून थांबतात. प्रोटेस्टंट आणि सिरियन पुढे आणखी एक ओळ म्हणतात, राज्य आणि गौरव देवाचंच आहे अशा अर्थाची. फिलोमिनानं आमेन म्हटलं आणि कालवणाचं झाकण उघडलं. सिस्टर आणि अलियम्मा डोळे मिटून पुढे चाललेल्याच. झाकणाचा आवाज झाला. फिलोमिना लाजून लाल.

आई भिंतीला टेकून बसली होती. "एकाच आरतीचां एक कडवां कमी-जास्ती," ती म्हणाली. "त्याका काय एवढां!"

दुसऱ्या वर्षीपासून सिस्टर त्या जागी थांबायला लागल्या. फिलोमिनाचं आमेन होऊ द्यायचं, एक श्वास घ्यायचा, मग शेवटची ओळ. अलियम्माही थांबायच्या. फिलोमिना हात जोडून ऐकत राहायची. ती ओळ तिनं कधी म्हटली नाही. "आमच्यात घरी एवढीच," ती सांगायची. सिस्टरनी तिला कधी म्हण म्हटलं नाही. चाळीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत मग ही सवय लागली. बारशाला, वाढदिवसाला, कुणी गेल्यावर, त्या जागी सगळे थांबायचे. बाहेरचा पाहुणा घाईनं पुढे गेला, तर सिस्टर हाताचा तळवा जरा वर करायच्या. "थांबा, माणसं मागे राहतायत." वॉर्डात राउंड घेताना त्या हेच म्हणायच्या, असं अलियम्मांनी मला सांगितलं.

मी इतकी वर्षं बातम्या लिहिल्या. दोन पंथ एकत्र बसल्याच्या बातम्याही त्यात होत्या. त्यात व्यासपीठ होतं, शाली होत्या, भाषणं होती. आमच्या चाळीत व्यासपीठ नव्हतं. जमिनीवर पंगत होती आणि मध्ये एक श्वासाची जागा होती. ती सिस्टरनी केली होती आणि त्या आमच्या चाळीच्या होत्या.

बुधवारी शिवडीला कोळीवाड्यातून टेम्पो भरून माणसं आली. फिलोमिनाची सासू आता फार थकली आहे, तिला खुर्चीवर बसवून आणलं होतं. रूथ आता नोकरी करते. ती सुट्टी घेऊन आली होती. अलियम्मा सिस्टर डोक्यावर पदर घेऊन पुढे होत्या. आईला उन्हात उभं राहवेना, म्हणून मी तिला घेऊन मागे झाडाखाली थांबले.

पाळकसाहेब नवे होते, तरुण. माती लोटल्यावर त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती त्या जागेपाशी आली. कोळीवाड्याची माणसं आमेन म्हणून थांबली, ती थांबणारच होती. अलियम्मा सिस्टर थांबल्या. भोईवाड्यातली माणसं थांबली. पाळकसाहेबांना हे माहीत नव्हतं. समोरून आवाज येईना, म्हणून तेही थांबले.

मग शेवटची ओळ सुरू झाली. पहिला आवाज एकाच बाईचा होता, बाकीचे त्यामागून आले. मी मागे होते, मला दिसलं नाही. नंतर अलियम्मा सिस्टरना विचारलं आणि रूथला वेगळं विचारलं. दोघींनी एकच नाव सांगितलं. फिलोमिना.