घरभर फिरलेली ट्यूब

काचीगुड्याच्या रेल्वे रिझर्वेशनच्या खिडकीत पद्मावतीबाईंच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. काचेपलीकडून भांडणारा माणूस त्यांना नवा नव्हता. वेटिंगचं तिकीट कन्फर्म का होत नाही म्हणून ओरडणारे, स्वतःच चुकीची तारीख सांगून वर चिडणारे, अशा सगळ्यांना त्या तेलुगूत, दख्खनीत, मराठीत शांतपणे समजावून सांगत. ऑफिसात त्यांच्या सबुरीचं नाव होतं. पण ती सबुरी घराच्या उंबऱ्याच्या आत टिकत नसे, कारण आत हिम्मतराव होते.

हिम्मतराव त्यांचे यजमान. घराणं उदगीरकडचं, शेतीवालं. वडिलांनी बेगम बाजारात मिरची-हळदीचं ठोक दुकान टाकलं, ते आता हे चालवत. उन्हाळ्यात त्या गल्लीत वारा फिरकत नाही. घाम, मिरचीची धूळ आणि वरून घट्ट टेरिकॉटची पँट. एक दिवस कमरेला पट्ट्याखाली लाल कडं उठलं. गजकर्ण. दुकानाशेजारच्या मेडिकलवाल्यानं फारसं न बघताच हातावर ट्यूब ठेवली. दोन रात्रींत खाज गेली आणि हिम्मतराव त्या ट्यूबचे भक्त झाले.

"पद्मा, काय औषध आहे म्हणतो! बोट लावलं की गेलं."

ते गेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत कड्याभोवती दुसरं कडं घेऊन परत आलं. हिम्मतरावांनी नवी ट्यूब आणली. पुन्हा गेलं, पुन्हा आलं, पोटावर चढलं. तरी त्यांची श्रद्धा ढळेना. उलट ते ती ट्यूब इतरांनाही वाटायला लागले. दुकानातल्या उमाजीला ट्यूब, मेहुणे एकनाथरावांना ट्यूब, समोरच्या बिऱ्हाडाला ट्यूब. कुणी खाजवताना दिसलं की यांचा हात खिशात गेलाच.

"अहो, एकदा डॉक्टरला दाखवा की."

"डॉक्टर काय वेगळं देणार? हेच लिहून देईल."

"मग सारखं परत का येऊ लागलंय?"

"उन्हाळा आहे न."

पावसाळा आला. "दमट हवा आहे न." थंडी पडली. "कातडी कोरडी पडली न." कडी होती तिथंच होती, नवी येत होती, आणि दर ऋतूला हिम्मतरावांकडे नवं कारण तयार होतं.

मग पद्मावतीबाईंच्या स्वतःच्या दंडावर तसंच कडं उमटलं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा टॉवेल गॅलरीच्या टोकाला वेगळी दोरी बांधून वाळत टाकला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतात तर टॉवेल सगळ्यांच्या टॉवेलांत.

"तिकडं ऊन येत नव्हतं," हिम्मतराव म्हणाले.

पद्मावतीबाईंनी पर्स खुर्चीवर आपटली. पण खरा घाव अजून पुढंच होता.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रियदर्शिनी गच्चीबावलीला आयटी कंपनीत होती. तिच्या गालांवर मुरुमं यायची, ती वर्षभरात नाहीशी झाली होती. चेहरा उजळला होता. पद्मावतीबाईंना वाटलं, पोरीनं कुठला तरी चांगला फेसवॉश शोधला. कंपनीनं तिला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. तिकडून एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. पोरीचे गाल टमाट्यासारखे लाल, हनुवटीभर पुळ्या, डोळ्यांखाली सूज.

"मम्मी, चेहरा नुसता जळू लागलाय. पाणीसुद्धा सहन होईना. माझं क्रीम घरीच राहिलं. पप्पांना कुरिअर करायला सांग न."

"कोणतं क्रीम?"

"पप्पांचीच ती ट्यूब."

पद्मावतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हिम्मतराव चहा बशीत ओतत होते.

"मी एक ठिपका लाव म्हणालो होतो," ते म्हणाले. "नुसता एक ठिपका."

पोर परतली त्याच दिवशी पद्मावतीबाईंनी रजा टाकली आणि बापलेक दोघांना घेऊन त्या कोठी भागातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर उषा मध्यम वयाच्या, तेलुगू, बोलायला तिखट. त्यांनी ट्यूब हातात घेतली.

"ये किसने लिख के दिया?"

"मैं दिया," हिम्मतराव छाती काढून म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना शर्ट वर करायला लावला. कमरेपासून छातीपर्यंत कड्यांत कडी. मग प्रियदर्शिनीचे गाल भिंगातून बघितले आणि समजावून सांगायला बसल्या. या ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र कालवलीत. त्यातलं एक जोरदार स्टेरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो. खाली बुरशी मजेत पसरत असते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते आणि त्याची सवय लागते. सोडलं की चेहरा पेटतो.

हिम्मतरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकिन डॉक्टरसाब, लगाये तो अच्छा, छोडे तो खराब. मतलब दवा तो अच्छीच है ना?"

डॉक्टर उषांनी पेन खाली ठेवलं आणि पद्मावतीबाईंकडे वळल्या. "अम्मा, घर में भी ऐसाच बात करते क्या?"

"हौ," पद्मावतीबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत कुणीतरी हा प्रश्न विचारला म्हणून त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

पद्मावतीबाईंनी मग आपला दंडही दाखवला आणि घरातल्या तिघांवरही इलाज ठरला. हिम्मतराव आणि पद्मावतीबाईंना बुरशीच्या गोळ्या आणि साधं मलम. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगेपर्यंत थांबायचं नाही. कपडे गरम पाण्यात, टॉवेल वेगळे, अंगावर सैल सुती कपडे. प्रियदर्शिनीला वेगळ्या गोळ्या, सौम्य क्रीम, उन्हापासून जपणं आणि मुख्य म्हणजे धीर. "पहले और बिगडेगा," डॉक्टरांनी बजावलं. "तब भी वो ट्यूब छूना नक्को."

आणि बिघडलंच. पोर रात्ररात्र गालांवर ओला रुमाल ठेवून बसे. ऑफिसच्या मीटिंगांत कॅमेरा बंद ठेवे. इकडे हिम्मतरावांची खाज थांबताच त्यांनी गोळ्या सोडल्या.

"बरं झालं की आता. उगाच लिव्हर कशाला खराब करायचं?"

त्या दिवसापासून पद्मावतीबाई रोज सकाळी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहू लागल्या. त्यापायी ऑफिसची बस चुकायची.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर प्रियदर्शिनी आरशासमोर, बोटावर पांढरा ठिपका. ट्यूब नवी कोरी.

"कुठून आली ही?"

उत्तर मागून आलं. हिम्मतराव दारात उभे होते. "मीच आणली. तिचं रडणं बघवत नव्हतं मला."

पद्मावतीबाईंना ओरडायचं होतं. पण नवऱ्याचे डोळे भरलेले होते, आणि या माणसावर धड रागवूही देत नाही हा देव, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पोरीचं बोट धरून नळाखाली धुतलं. ट्यूब पर्समध्ये टाकली आणि तडक बेगम बाजार गाठला.

मेडिकलवाल्याशी काय काय बोलायचं ते त्यांनी रिक्षात मनाशी जुळवलं होतं. चिठ्ठीशिवाय देतोस कसा, लोकांच्या लेकी म्हणजे काय खेळ वाटला का तुला. दुकानापुढं उभ्या राहून त्यांनी ट्यूब काउंटरवर आपटली. मेडिकलवाला वाकून पुढं आला. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. गाल तांबडे, चकाकते, कातडीतून बारीक शिरांचं जाळं दिसतंय.

"आप भी लगाते क्या?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"रोज लगाता, आंटी. नहीं लगाये तो जलता," तो सहज म्हणाला. "ये रख लेऊं वापस? पैक तो खुला है."

भांडायला आलेल्या पद्मावतीबाईंनी पर्समधून कागद काढून डॉक्टर उषांचा पत्ता लिहून दिला. त्यानं तो गल्ल्याखाली सरकवला. तो जाईल अशी त्यांना काडीची आशा वाटली नाही. परतताना रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, सगळ्या शहरावर त्या चिडत राहिल्या.

प्रियदर्शिनीचा चेहरा निवायला पुढचा उन्हाळा उजाडला. गालांवर काही बारीक लाल शिरा राहून गेल्या. उन्हात अजून चुरचुरतं. पण पोर परत कॅमेरा लावून बोलायला लागली, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायला लागली. हिम्मतरावांची कडी गेली, आणि ट्यूबचा विषय निघाला की ते आता उठून गॅलरीत जातात.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर उषांनी दोघांना मोकळं केलं आणि पद्मावतीबाईंची बाही वर करायला सांगितली. दंडावरचं कडं तसंच होतं, उलट कोपरापर्यंत उतरलं होतं.

"अम्मा, गोली बराबर खाये?"

पद्मावतीबाई आठवायला लागल्या. सकाळी यांची गोळी, मग पोरीची गोळी, मग डबा, मग बस. स्वतःच्या गोळ्यांची पहिली पट्टीसुद्धा संपली नव्हती.

"भूल गयी," त्या पुटपुटल्या.

हिम्मतराव काही बोलणार तोच त्यांनी बोट वर केलं. "एक शब्द बोलायचा नाही," असं दटावून त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि आपल्यासाठी नव्यानं चिठ्ठी लिहून मागितली.